साक्षीतून गळालेला दवाखाना

सोलापुरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत घडलेलं हे प्रकरण. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल अशा एकदोन खुणा बदलल्या आहेत. ज्याच्याभोवती हे सगळं फिरतं त्याला मंडळीत लहानथोर सगळे 'भाऊ' म्हणतात, त्याच्या बायकोला 'वहिनी'. इथेही तेच ठेवलं आहे. लिहिलेलं दोघांना वाचून दाखवलं. वहिनींनी दोन वाक्यं काढायला लावली, भाऊंनी एक वाढवायला लावलं. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगणं म्हणजे साक्ष. मंडळीत साक्षीचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांसाठी आणि ज्यांना साक्षीला उभं केलं जातं त्यांच्यासाठी हे आहे. स्वामींच्या केंद्रात अनुभव सांगणाऱ्यांना किंवा व्यसनमुक्तीच्या बैठकीत बोलणाऱ्यांनाही यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल, असा माझा अंदाज आहे.

घर आणि दारू

भाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. हात चांगला, त्यामुळे चार दिवस दांडी मारली तरी मालक सांभाळून घ्यायचा. दारू इतकी वर्षं लांबली त्याला हेही एक कारण. वहिनी घरी विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी, आणि त्यातही विडीचा पत्ता, म्हणजे पान, खराब निघालं तर भुर्दंड त्यांनाच. घर आजोबांच्या पिढीपासून ख्रिस्ती. वहिनी दर रविवारी उपासनेला असायच्या, भाऊ नाताळ आणि ईस्टरला, तेही दाराजवळच्या बाकावर.

आधी पगाराच्या दिवशी शिंदी, मग देशी, शेवटी हातभट्टी. सोलापूरच्या आसपासची हातभट्टी हा वेगळाच विषय आहे. २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी ती गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरा धंदा लावून द्यायला 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं आणि त्याचं कौतुकही झालं. पण ज्याला प्यायचीच आहे त्याला वाट सापडते.

एका पावसाळ्यात घरात पैसा उरला नाही आणि वहिनींनी दाराला कडी घातली. दुसऱ्या दिवशी भाऊंचे हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप धरता येईना. तिसऱ्या दिवशी पहाटे ते भिंतीवरच्या मुंग्या झटकत होते. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. मग झटका, म्हणजे फिट, आली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर असं होतं. शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, ताप, घाम, छातीत धडधड. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस जातो. भाऊंना सलाईन, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आणि मेंदू शांत ठेवणारी औषधं मिळाली. मंडळीतल्या बायकांनी पाळ्या लावून भाकरी पोचवली, पाळक रोज संध्याकाळी खाटेशेजारी बसून प्रार्थना करायचे. आठवडा झाल्यावर एका रात्री भाऊंनी स्वतःहून पाळकांना बोलावून घेतलं, आणि त्या रात्री ते खूप रडले. छातीवरचं ओझं उतरलं, असं ते सांगतात. त्याबद्दल मला शंका नाही. पुढे काही महिने ते व्यसनमुक्तीच्या ओपीडीत जात होते, गोळ्या घेत होते, समुपदेशकाशी बोलत होते.

या सगळ्यात देवाने काय केलं आणि डॉक्टरांनी काय केलं, असे दोन ढीग त्या वेळी कुणी लावले नाहीत. वहिनी एवढंच म्हणायच्या, "वेळेवर पोचलो."

पहिली साक्ष

तीनेक महिन्यांनी उपकारस्तुतीच्या रविवारी भाऊ पहिल्यांदा उभे राहिले. माईक हातात धरायची सवय नव्हती, चारपाच मिनिटंच बोलले. दारू किती होती, मुलीने शाळेत बापाचं काम 'बाहेरगावी असतात' असं सांगितलेलं कसं कळलं, दवाखाना, ती रात्र, आणि आता रोज संध्याकाळी सहा ते आठ हा वेळ किती जड जातो. "अजून जड जातो" असं म्हणून ते खाली बसले. टाळी वाजली नाही. मागच्या बाकावरची दोन माणसं उपासनेनंतर त्यांना बाजूला घेऊन बोलत उभी राहिली. त्यातल्या एकाच्या घरी हीच अवस्था होती.

आधी कसा होतो, मग काय घडलं, आता कसा आहे, हा सांगण्याचा साचा फार जुना आहे. बायबलात अग्रिप्पा राजापुढे प्रेषित पौल असंच बोलतो. विसाव्या शतकात ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती चळवळीत स्वतःची गोष्ट सांगून दुसऱ्याला धीर देण्याची रीत होती. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेचे पहिले लोक याच चळवळीत वावरलेले होते. पुढे ते वेगळे झाले, पण गोष्ट सांगण्याची रीत त्यांनी सोबत नेली. आज कुठल्याही एएच्या बैठकीत बसलात तर तीच रीत दिसेल, फक्त देवाचं नाव ज्याचं त्याने घ्यायचं.

आपल्याकडेही ही परंपरा आहे, पण तिची चाल निराळी. तुकोबा आपली सगळी कहाणी एका अभंगात सांगतात. दुष्काळात मान गेला, बायको अन्न अन्न करीत गेली, धंदा बुडाला. पण सुरुवातीलाच त्यांना संकोच वाटतो: हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत. मला वाटतं, पुलावरून येताना हा संकोचही बरोबर आणायला हवा होता. भाऊंच्या पहिल्या साक्षीत तो होता.

साक्ष मोठी झाली

त्यानंतर बोलावणी सुरू झाली. आधी घरगुती प्रार्थना, मग बार्शी, मग अक्कलकोटकडची एक मंडळी, मग तंबू घालून केलेल्या तीन दिवसांच्या सभा. भाऊ रजा टाकून जायचे. जाण्यायेण्याचं भाडं मिळायचं, कधी शाल. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बोलावणाऱ्यांना आपल्या गावातले चार पिणारे डोळ्यांपुढे दिसत होते, आणि भाऊंना आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणाच्या उपयोगी पडतोय असं वाटत होतं.

साक्ष वर्षभरात चार मिनिटांवरून पंचवीस मिनिटांवर गेली. तिच्यात काय बदललं ते मला ठाऊक आहे, कारण मंडळीचं टिपणवहीचं काम माझ्याकडे आहे आणि बऱ्याच सभांना मी होतो.

पहिल्यांदा समुपदेशक गेला. मग ओपीडीच्या गोळ्या गेल्या. मग एका सभेत "डॉक्टरांनी हात टेकले" असं वाक्य आलं. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते, उलट नर्सने वहिनींना 'काळजी करू नका' असं सांगितलं होतं. त्या वाक्याला जोरात आमेन आला आणि वाक्य तिथेच राहिलं. नंतर वक्ता 'मरणाच्या दारात' पोचला, ओझं उतरलं त्या क्षणाखाली कीबोर्ड वाजू लागला, आणि सगळ्यात शेवटी दवाखानाच गळाला: एका रात्री गुडघे टेकले, सकाळी वास नकोसा झाला. "अजून जड जातो" हे वाक्य कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. जे गळतं ते आवाज न करता गळतं.

वहिनींना मारल्याचा प्रसंग मात्र वाढला. पहिल्या साक्षीत तो नव्हताच. तंबूतल्या सभेत भाऊ तो तपशिलाने सांगायचे, वहिनी पहिल्या रांगेत बसलेल्या असायच्या, आणि बायका वळून त्यांच्याकडे बघायच्या. त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं.

भाऊ खोटं बोलत होते का? हा प्रश्न पुढे मंडळीच्या पंचांपुढे आला. माझं मत असं की नाही, निदान ज्या अर्थाने आपण खोटं म्हणतो त्या अर्थाने नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवून दिलं की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना माणूस ती आखडतो, न पटणारे भाग गाळतो, ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या साच्यात बसवतो, आणि मग तीच त्याची आठवण होऊन बसते. भाऊंना दर आठवड्याला शंभर माणसं आमेन म्हणून सांगत होती की गोष्टीतलं काय ठेवायचं. त्यांनी ठेवलं.

मग एका सभेचा व्हिडिओ 'एका रात्रीत दारू सुटली' असं नाव देऊन व्हॉट्सॲपवर फिरला.

रिक्षावाला

वहिनींच्या गल्लीपलीकडे एक पद्मशाली कुटुंब राहतं. आई विड्या वळते, मुलगा रिक्षा चालवतो, तिशीच्या आत. तोही रोज पिणारा. आईने नातेवाइकाच्या फोनवर व्हिडिओ पाहिला आणि मुलाला दाखवला. मुलगा देवाचा हट्टी, दरवर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांपुढे असतो. तो म्हणाला, त्यांच्या देवाने एका रात्रीत केलं, तर माझा सिद्धेश्वर काय कमी आहे? आणि त्याच रात्री बंद केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची आई वहिनींकडे आली. वहिनी अंगणात सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या, पत्रा लावून पत्ता कापत होत्या.

"अक्का, पोरगं थरथरायलंय की वो. तुमच्या ह्यांना असंच झालतं का?"

वहिनींनी कात्री खाली ठेवली. "कधीपासून बंद केली?"

"काल रात्री. देव अंगातली काढायलाय म्हणतंय."

"देव काढू दे, पण दवाखान्यात काढू दे. उठा."

तंबाखू तशीच सुपात ठेवून दोघी निघाल्या. रस्त्यात मुलाला रिक्षातच झटका आला, पण दवाखाना जवळ होता. तो वाचला. वहिनी आठवडाभर जाऊन बसल्या, आणि त्यांनी त्या माउलीला दवाखान्याची, गोळ्यांची, ओपीडीच्या वाराची सगळी हकीकत सांगितली, म्हणजे व्हिडिओत नव्हती ती साक्ष. त्या बाईने विचारलं, "मग हे त्यात का नाही सांगितलं?" वहिनींनी काय उत्तर दिलं ते त्यांना आठवत नाही.

या घटनेची मंडळीत चर्चा झालीच नाही. वहिनींनी भाऊंना सांगितलं, भाऊ दोन दिवस गप्प होते, आणि तिसऱ्या दिवशी एका सभेला गेले. माझ्या मते प्रकरणाचा कणा इथे आहे, पुढे जे घडलं त्यात नाही. पुढचं सगळ्यांना दिसलं म्हणून त्याची बैठक झाली.

बोनस

दुसऱ्या वर्षी दिवाळीत कारखान्यात बोनस वाटला. संध्याकाळी कामगारांची पार्टी. भाऊ नुसते बसायला गेले आणि प्यायले. अशा माणसांत पहिल्या एकदोन वर्षांत घसरण होणं ही नेहमीची गोष्ट आहे. व्यसनमुक्तीचं काम करणारे तिची तयारी आधीच ठेवतात: कुणाला फोन करायचा, कुठे जायचं. भाऊंचा ओपीडीशी संबंध तुटून वर्ष झालं होतं. साक्षीत गोळ्या नव्हत्या तसं आयुष्यातही त्या उरल्या नव्हत्या. आणि ज्या माणसाची दारू एका रात्रीत सुटली आहे, तो फोन तरी कुणाला करणार?

दीड महिना त्यांनी लपवलं. त्याच काळात नाताळच्या तयारीच्या दोन सभांत पंचवीस मिनिटांची साक्ष दिली. एकदा सभेआधी प्यायले होते, असं त्यांनीच नंतर सांगितलं. भाऊंनी वाढवायला लावलेलं वाक्य असं सुरुवातीला म्हणालो ते हेच.

त्यांना पाहिलं ते रिक्षावाल्याने, एका परमिट रूमच्या मागच्या दारी. तो स्वतः सुटून तेव्हा थोडेच महिने झाले होते. त्याने कुणाला काही सांगितलं नाही, फक्त आईला. आईने वहिनींना. वहिनींना आधीच माहीत होतं, पण आता दुसऱ्यालाही माहीत आहे हे कळल्यावर त्या पाळकांकडे गेल्या.

पंचांची बैठक

पाळकांच्या घरी बैठक झाली. एका पंचाचं म्हणणं होतं की गुड फ्रायडेपर्यंत काही करू नये. तीन ठिकाणी भाऊंची नावं छापून गेली आहेत, देवाचं नाव बदनाम होईल. तरुणांपैकी एकाला जाहीर शिस्त हवी होती: प्रभुभोजनापासून दूर ठेवा, उपासनेत घोषणा करा. या दोघांत मोठा फरक आहे असं त्यांना वाटत होतं. मला नाही वाटला. दोघेही भाऊंकडे मंडळीची पाटी म्हणून बघत होते. एकाला ती झाकायची होती, दुसऱ्याला उतरवायची.

खरा मुद्दा काढला तो एका निवृत्त शिक्षकांनी, आणि तो भाऊंच्या बाजूने. ते म्हणाले, साक्षीतून दवाखाना गळाला म्हणून तुम्ही एवढं रागावता. प्रेषितांची कृत्ये उघडा. दिमिष्काच्या वाटेवर पौलाला ख्रिस्त भेटला आणि त्याचे डोळे गेले, ती हकीकत तिथे तीनदा आहे. नवव्या अध्यायात हनन्या येतो, त्याच्यावर हात ठेवतो, मग दृष्टी येते. बाविसाव्या अध्यायातही हनन्या आहे. सव्विसाव्यात अग्रिप्पा राजापुढे पौल तीच गोष्ट सांगतो आणि हनन्याचं नावही घेत नाही. पौलाला तुम्ही खोटारडा म्हणणार का? राजापुढे जेवढं सांगायचं तेवढंच तो सांगतो.

बैठक थोडा वेळ थांबली. मलाही उत्तर सुचलं नव्हतं. मग पाळक म्हणाले, बरोबर आहे, पण कृत्ये लिहिणाऱ्या लूकने तिन्ही हकीकती एकाच पुस्तकात ठेवल्या. जो तिसरी वाचतो त्याच्या हातात पहिलीही असते. आपल्या रिक्षावाल्याच्या हातात फक्त तिसरी होती.

आणि त्यांनी मार्काचा पहिला अध्याय काढला. कुष्ठरोगी बरा होतो तेव्हा येशू त्याला सांगतो, कुणाला काही बोलू नको, आधी जाऊन याजकाला दाखव. बरा झालास की नाही हे त्या काळी याजक तपासून ठरवायचा. तो माणूस ऐकत नाही, गावभर सांगत सुटतो, आणि त्याचा परिणाम असा की येशूला गावात उघडपणे जाताच येत नाही. चांगल्या मनाने दिलेली, खरी घडलेली, आणि तरी कामात अडथळा ठरलेली साक्ष. त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात दुसऱ्या एका माणसाला मात्र तो म्हणतो, घरी जा, आपल्या माणसांना सांग. एकाला गप्प राहा आणि एकाला सांग. पाळकांचं म्हणणं इतकंच होतं की कुणाला कुठे पाठवायचं हे मंडळीने ठरवायला हवं होतं, आणि आपण ते तंबूवाल्यांवर सोडलं.

शिक्षकांना हे पटलं असं मला वाटत नाही. आजही ते म्हणतात, साक्षीला दवाखान्याचं प्रमाणपत्र जोडायला लागलात तर उद्या श्वास घ्यायलाही डॉक्टरची चिठ्ठी मागाल.

एएवाल्यांना हा पेच फार लवकर कळला होता, म्हणून इथे थोडं थांबतो. १९४६ मध्ये मांडलेल्या आणि १९५० मध्ये क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारलेल्या त्यांच्या परंपरांमध्ये एक अशी आहे की वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा यांच्यापुढे सभासदाने आपलं नाव देऊ नये. गोष्ट सांगायची, पण खोलीत, तुमच्यासारख्याच लोकांत. एखादा माणूस चळवळीचा चेहरा झाला आणि घसरला तर ऐकणाऱ्यांचा धीर जातो, हा एक धोका. आणि चेहरा झालेल्या माणसाला घसरल्यावर परत खोलीत यायला लाज वाटते, हा दुसरा. मला दुसरा जास्त मोठा वाटतो. भाऊ दीड महिना नेमके त्याच लाजेत अडकले होते.

ठरलं ते असं. भाऊंचे सगळे कार्यक्रम थांबवायचे, आणि थांबवल्याचं कारण बोलावणाऱ्यांना 'तब्येत' असं न सांगता खरं सांगायचं. भाऊंनी दुसऱ्याच दिवशी ओपीडीत जायचं, पाळक बरोबर. प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं नाही. यावर मतदान झालं आणि थोडक्यात निभावलं. व्हिडिओ ज्यांनी टाकला त्यांना काढायला सांगायचं. आणि मंडळीला सांगायचं, पण भाऊ तयार होतील तेव्हा.

वहिनी बोलल्या

भाऊ तयार व्हायला वेळ लागला. ईस्टरनंतरच्या एका रविवारी ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी दिवाळीत परत प्यालो. तुमच्यापासून लपवलं. दवाखान्यात जातोय." मग त्यांना पुढचं सुचेना. कुणीतरी सवयीने आमेन म्हणालं, ते फारच विचित्र वाटलं. भाऊ म्हणाले, "माग दुरुस्त झाला असं मी कधी लिहून देत नाही. चालतोय तोवर चालतोय म्हणतो. माझं पण तेच," आणि बसले.

तेव्हा वहिनी उठल्या. कार्यक्रमात त्यांचं नाव नव्हतं. त्यांचं बोलणं मी त्याच दिवशी लिहून ठेवलं, आणि त्यांच्या परवानगीने इथे देतो:

"मी ह्यांच्यासाठी लग्नापासून प्रार्थना केली. पुष्कळ वर्षं काही झालं नाही. मग झालं. मग दिवाळीत परत मोडलं. आता सध्या पीत नाहीत. उद्याचं मला माहीत नाही. मला मारल्याची गोष्ट हे सभांत सांगायचे. ती माझी गोष्ट आहे. मला सांगायची असेल तेव्हा मी सांगेन. देव माझ्याबरोबर होता म्हणता, तर तो कसा होता तेवढं सांगते. रात्री काहीही झालं तरी सकाळी मी सूप मांडीवर घेत होते. ते बळ माझं नव्हतं. आणि कुणाच्या घरी पिणारा असेल तर एकदम बंद करू नका, आधी दवाखान्यात न्या. सलाम."

दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. संगीत नव्हतं, आमेनही नव्हता, आणि उपासना संपल्यावर वहिनींभोवती बायका उभ्या होत्या. त्यातल्या तिघींच्या घरी दारू होती हे मंडळीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. भाऊंच्या पंचवीस मिनिटांच्या साक्षीने लोक हलायचे, रडायचे, हात वर करायचे. पण तिला ऐकून कुणी आपल्या घरातलं सांगायला पुढे आल्याचं माझ्या टिपणवहीत एकदाही नाही. पहिल्या, अडखळत दिलेल्या साक्षीनंतर मात्र दोघे आले होते.

याचं कारण मला असं वाटतं. पूर्ण झालेली गोष्ट ऐकणाऱ्याला प्रेक्षक करते. त्याच्यासाठी तिच्यात जागा उरत नाही. त्याने फक्त थक्क व्हायचं, आणि घरी जाऊन आपला चमत्कार का होत नाही म्हणून कुढायचं. 'अजून जड जातं' हे ऐकलं की त्याला वाटतं, हा माझ्याच वाटेवरचा आहे. पौलानेही अंगातल्या काट्याबद्दल लिहून ठेवलंय. तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. ही न बऱ्या झालेल्या माणसाची साक्ष आहे, आणि मंडळींच्या व्यासपीठांवर ती मी क्वचितच ऐकली आहे. अशा माणसाला कुणी भाडं देऊन बोलावत नाही.

आता रिक्षावाल्याचं. बैठकीत एकाने विचारलं होतं, एवढं सगळं झालं, तो प्रभूकडे आला का? आला नाही. तो सिद्धेश्वराला जातो, आई मार्कंडेयाच्या देवळात. तो पीत नाही, आणि भाऊ पुन्हा ओपीडीला जायला लागल्यावर काही वेळा त्यानेच त्यांना रिक्षातून नेलं, पैसे न घेता. बायबलातल्या शोमरोनी बाईची गोष्ट इथे आठवते. येशूला भेटून तिने त्याच्याबद्दल गावात सांगितलं. तिचं ऐकून गावकरी आले खरे, पण नंतर तिला म्हणाले, आता तुझ्या सांगण्यावरून नव्हे, आम्ही स्वतः ऐकलं. साक्षीचं काम दारापर्यंत आणायचं. आत कोण जातं, कधी जातं, कोणत्या दारातून जातं, याचा हिशेब साक्ष देणाऱ्याने ठेवायला लागलं की गोष्ट फुगायला लागते. हे माझं मत. आमचे तरुण पंच याच्याशी सहमत नाहीत आणि त्यांच्याकडेही वचनं आहेत.

एका गोष्टीवर मात्र दोन्ही बाजू एक झाल्या. अडचणीत सापडलेला माणूस साक्ष ऐकताना ती सल्ला म्हणून ऐकतो. त्याच्यासाठी 'गुडघे टेकले' ही कृती असते, 'सकाळी वास नकोसा झाला' हा अपेक्षित परिणाम. म्हणून आजाराची, व्यसनाची साक्ष असेल तर औषध, डॉक्टर, लागलेला काळ हे त्यात राहिलंच पाहिजे. ते गाळल्याने देवाचं श्रेय वाढत नाही, ऐकणाऱ्याचा धोका तेवढा वाढतो.

सध्या

मंडळीत आता साक्ष देण्याआधी घरातल्या एका माणसाला ती ऐकवायची असं ठरलं आहे. बायको, आई, सख्खा भाऊ, जो त्या काळात बरोबर होता तो. त्याने 'हे असं नव्हतं' म्हटलं तर ते वाक्य काढायचं, आणि त्याच्याबद्दलचं काही असेल तर त्याला विचारायचं. यामुळे साक्षी कमी झाल्या आहेत. दोन महिने एकही झाली नाही. कीबोर्ड वाजवणारा मुलगा यावर नाराज आहे.

भाऊ ओपीडीत जातात, एएच्या बैठकीला जातात, तिथे बोलतात. मंडळीत बोलत नाहीत. मध्ये एकदा पुन्हा घसरले, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच पाळकांना फोन केला.

व्हिडिओ टाकणाऱ्यांनी तो काढला, पण पुढे पाठवलेला फिरतोच आहे. गेल्या महिन्यात मराठवाड्यातल्या एका मंडळीतून फोन आला: एका रात्रीत सुटलेले ते भाऊ तुमच्याकडचेच ना, आमच्या तीन दिवसांच्या सभेला हवेत. पाळकांनी सांगितलं, भाऊ आमचेच, पण एका रात्रीत सुटली नाही, मध्ये परत प्यायलेत, दवाखाना चालू आहे. हे सगळं सांगायचं असेल तर येतील, वहिनींना विचारून. पलीकडचे म्हणाले, कमिटीशी बोलून कळवतो. अजून कळवलेलं नाही.